चपला कुणी वर नेल्या?

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी भुताचा व्हिडिओ टाकला की खाली पहिला टोमणा माझाच. पण गेल्या ऑगस्टपासून मी गप्प आहे... बायकोच म्हणाली, लिहून तरी टाक.

मी, बायको आणि मुलगी, आम्ही मुलुंड वेस्टला राहतो. तळमजला, मागे नाला. मेव्हणा संदेश घाटकोपरला असतो. आम्हा दोघांना मासेमारीचा नाद लावला सासऱ्यांनी, अण्णांनी. अण्णा तीन वर्षांपूर्वी घरीच, झोपेत गेले. पावसाळ्यात रविवारी आम्ही बाइक काढून शहापूरच्या पुढे एका नदीवर जातो. वरच्या अंगाला धरण आहे, नाव लिहीत नाही.

धरणाचे दरवाजे उघडे असले की नदी गढूळ, जोरात, गळाला काही लागत नाही. खरी मजा दरवाजे बंद झाल्यावर. पाणी भराभर उतरतं आणि खडकातल्या कुंडांमध्ये मरळ, शिंगटी अडकून राहतात. मग नुसत्या हातजाळ्याने उचलायचे. पण दरवाजे परत कधी उघडतील याचा नेम नसतो, म्हणून अण्णांचा एक नियम होता. पात्रात उतरताना चपला पाण्याच्या अगदी कडेला काढायच्या. चपलेला पाणी टेकलं की हातातला मासासुद्धा सोडून वर यायचं.

त्या दिवशी मासेमारीच्या ग्रुपवर मेसेज आला, दरवाजे पहाटेच बंद झालेत. नऊला आम्ही पोचलो. ऊन पडलं होतं, काठावर चिटपाखरू नव्हतं. संदेश कमरेएवढ्या पाण्यात, मधल्या मोठ्या कुंडात. मी अलीकडे. माझ्या निळ्या स्लिपर कडेला.

थोड्या वेळाने बघितलं तर स्लिपर दहा पावलं वर, एका सपाट खडकावर. पाणी होतं तिथेच होतं.

"संद्या, माझ्या चपला तू हलवल्यास?"

"मी इथे मरळीच्या मागे लागलोय भावोजी, तुमच्या चपलांना कोण हात लावतंय?"

मी त्या परत खाली आणून ठेवल्या. आपणच विसरलो असू, असं वाटलं. दहा मिनिटांनी पुन्हा बघतो तर त्या आणखी वर, झुडपांपाशी. मधे सगळा उघडा खडक, लपायला जागाच नाही. यावेळी जवळ जाऊन पाहिलं. स्लिपरमध्ये ओला चिखल होता आणि चिखलात पायाचा ठसा. कुणीतरी त्या घालून चालत गेलं होतं. मला आठ नंबर लागतो. त्या पायाची बोटं स्लिपरच्या पुढे खडकावर उमटली होती... लांब, बारीक. अण्णांना सहा नंबर लागायचा, हेही सांगून ठेवतो, कारण सगळे म्हणतात ते अण्णाच होते.

स्लिपर तिथेच टाकून मी संदेशला हाक मारायला वळलो, आणि परत मागे पाहिलं तर त्या तिथे नव्हत्या. थेट वर, रस्त्यालगतच्या जांभळाखाली दिसत होत्या. मी पाठ फिरवून किती वेळ झाला असेल? दोन श्वास.

"संद्या, बाहेर ये. आत्ता."

"अहो दोन मिनिटं, जाळ्यात आलीये ती."

"सोड ती. तुझ्या ताईची शपथ आहे तुला."

माझा आवाज ऐकून तो घाबरला असावा. शिव्या घालत का होईना, जाळं टाकून आला. आम्ही जांभळापाशी पोचलो आणि वरच्या वळणावरून पाणी आलं. धरणाचा भोंगा वगैरे आम्ही काही ऐकला नाही. कुंड दिसेनासं झालं, सपाट खडक गेला, झुडपं गेली. पाणी चढत चढत जांभळाच्या मुळांपर्यंत आलं आणि स्लिपरच्या खाली वीतभर अंतरावर थांबलं. संदेश मटकन खाली बसला आणि रडला. मी त्याचा दंड धरून ठेवला होता, तो संध्याकाळपर्यंत सोडवेना.

बायको म्हणाली, कुणीतरी वाचवलं ना, मग भ्यायचं कशाला. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पुन्हा नदीवर गेलो नाही, एवढंच.

पण गेल्या मंगळवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर माझ्या स्लिपर नव्हत्या. वॉचमनला विचारलं, शेजारी विचारलं. शेवटी जिना चढत गेलो. आमची इमारत चार मजली. त्या तिसऱ्या मजल्याच्या वरच्या पायरीवर होत्या, आतून ओल्या.

मी संदेशला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, कितव्या मजल्यावर. मग म्हणाला, "ताईला आणि मुलीला घेऊन आजच इकडे या."

आम्ही आता त्याच्याकडे आहोत, सहाव्या मजल्यावर. शाळा, ऑफिस इथूनच चालू आहे. कुणी विचारलं तर घराचं काम काढलंय म्हणतो. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते कोण होतं याचा मी विचारही करत नाही. रोज सकाळी दार उघडायला हात धजत नाही. आधी बायको उघडते, खाली बघते आणि म्हणते, "आहेत, इथेच आहेत."