पूर्वेकडं तोंड केलेल्या प्लेटा

साखऱ्याहून लग्न होऊन करुणा जवळा बाजारला आली आणि दुसऱ्यांची घरं बांधायला लागली. बांधायला म्हणजे घमेली वाहायला. घर उभं राहिलं की मिस्त्रीला टॉवेल-टोपी मिळे. घमेलं वाहणारीचं नावही कुणी विचारत नसे. म्हणून हिंगोलीला सौरपंप बसवायचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा ती घरच्यांशी भांडून गेली.

वर्गात बायका तिघीच होत्या. कमरेला पट्टा बांधून उंचावर चढणं, खड्ड्यात काँक्रीट भरणं, लोखंडी पाय ओळंब्यात उभे करणं हे सगळं करुणाच्या हाताला लगेच बसलं. शिकवणारे मुकुल सर भर दुपारी सगळ्यांना अंगणात काठी रोवायला लावायचे आणि तिच्या सावलीवरून दिशा दाखवायचे. म्हणायचे, "आपल्याकडं सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेच्या अंगानं जातो. पंपाच्या सौर प्लेटांचं तोंड दक्षिणेला. बाकीचं विसरलात तरी एवढं विसरू नका."

करुणा ते विसरली नव्हती. हेच तिचं दुखणं आहे.

तिच्या एकटीच्या हाताखालचं पहिलं काम निघालं गंगूताईंच्या हळदीच्या रानात. गंगूताई म्हाताऱ्या, एकट्या. गावातल्या महादेवाची पूजा त्यांच्या घराण्याकडं. करुणा राहते बुद्धविहाराच्या गल्लीत. दोघींची घरं एकाच गावात असून इतक्या वर्षांत एकमेकींशी बोलायचं काम पडलं नव्हतं. उन्हाळा होता. करुणा खड्डे आखायला लागली आणि रानाच्या कडेला धुऱ्यावर बसलेल्या गंगूताईंनी विचारलं, "यांचं तोंड कुणीकडं करून राहिली गं?"

"दक्षिणेकडं, ताई."

"आगं बाई! यमाची दिशा हाय ती. तिकडं तोंड करून दिवासुद्धा लावत न्हाई कुणी, मेलेल्या माणसाचा सोडून. आमच्या रानात न्हाई चालायचं. उगवतीला कर. सूर्यदेव तिकडंच उगवतो का न्हाई?"

उत्तर करुणाच्या जिभेवर होतं. पण 'हिच्या घरी देव न्हाई, हिला काय कळणार' हे वाक्य कुणी बोललेलं नसताना तिला ऐकू आलं. शिकून आलेली पहिली बाई, पहिलंच काम, आणि पहिल्याच दिवशी देवाधर्मावरून भांडण? गावभर झालं असतं. ती म्हणाली, "बरं, ताई."

प्लेटा उगवतीला तोंड करून बसल्या. काम देणाऱ्या ठेकेदारानं फोटो मागवला. फोटोत दिशा कुणी पाहिली नाही.

पावसाळाभर पंपाची गरज पडली नाही. मार्गशीर्षात हळदीला पाणी लागायला लागलं तेव्हा सकाळी पाण्याची धार मांडीएवढी पडायची. दुपार कलली की करंगळीएवढी व्हायची, मग नुसते थेंब. रानाच्या शेवटच्या सऱ्यांपर्यंत पाणी पोचेना. पानं गुंडाळायला लागली. गंगूताईंनी करुणाला बोलावलं.

"काहून गं असं व्हतंय? विहिरीत तर पानी दिसतंय."

करुणानं मान वर करून प्लेटांकडं पाहिलं. ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं. खरं सांगायची वेळ समोर येऊन उभी होती, आणि तिच्या तोंडून शब्द निघाला, "गाळ असंल, ताई. पंपाच्या जाळीला बसत असंल."

त्या रात्री तिला भाकर गेली नाही. पहिल्या वेळी ती नुसती गप्प बसली होती. या वेळी ती खोटं बोलली होती.

गंगूताईंनी गाळ काढायला जळबाला बोलावलं. जळबा म्हणजे विहिरी उपसून म्हातारा झालेला माणूस. दोन दिवस तो थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून तळ चाचपत होता. करुणाला घरी राहवेना. ती रानात गेली, तेव्हा जळबा नुकताच वर आला होता. ओठ निळे, गुडघा खरचटलेला, अंगावर पोतं.

"ये बाई, ये," तो म्हणाला. "म्हातारपणी गंगा-आंघोळ घालून राहिल्या मला गंगूताई. गाळ म्हनशील तर घमेलंभर न्हाई खाली. कुणी सांगितलं गाळ हाय म्हनून?"

"मी," करुणा म्हणाली. "गाळ न्हाई, मामा. प्लेटा उलट्या दिशेला हायत. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं."

जळबानं पोतं जरा घट्ट ओढलं. "म्हंजी मी दोन दिवस पाताळ उकरून राहिलो, अन् खोट वर आभाळाकडं व्हती?" तो हसला, पण हसताना त्याचे दात वाजत होते. करुणाला ते हसू सोसलं नाही.

गंगूताई विहिरीच्या काठावरच बसल्या होत्या; त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मी यमाला भेले. अडाणी बाई, म्हातारी, मरन जवळ आलंय, भेले. तू तर शिकून आलीस. तू कुनाला भेलीस?"

"तुमाला."

गंगूताई उठल्या, खोपीतली पहार आणली आणि करुणाच्या पायाशी टाकली.

स्वतः भरलेलं काँक्रीट फोडायला दोन दिवस लागले. पक्कं भरलं होतं तिनं. प्रत्येक घावाला ते जाणवत होतं. जळबाला तिनं पहारीला हात लावू दिला नाही. मुकुल सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते पलीकडून एवढंच म्हणाले, "आधी करायला पाहिजे होता हा फोन." नवे खड्डे दक्षिणेच्या हिशेबानं आखले, भरले, त्यावर पाणी मारलं. काँक्रीट वाळेपर्यंत पंप बंदच होता, आणि तेवढ्या दिवसांत शेवटच्या सऱ्या पार वाळून गेल्या.

आता पंप दिवस कलल्यावरही चालतो. पण वाळलेलं पान पाण्यानं हिरवं होत नाही.

हळद काढायला मजूर लागले तेव्हा करुणा न बोलावता गेली. "शेवटच्या सऱ्या मी काढते," म्हणाली. मातीतून गड्डे निघाले ते बोटाएवढे बारीक, सुरकुतलेले. तिनं टोपली भरली आणि मोठ्या ढिगाकडं निघाली.

"तिथं नगं," गंगूताईंनी धुऱ्यावरून हाक दिली. "ते येगळं ठेव. माझ्या चांगल्या मालात मिसळू नगंस."

करुणानं ढीग वेगळा घातला. लहानच होता. पण रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसावा असा उघड्यावर होता, आणि तिनं त्यावर काही झाकलं नाही.