न दुखणारी जागा

पोरीला सुई कुठं देतेस असं कुणी विचारलं, तर निपाणीची राजाबाई तोऱ्यात सांगायची, "डाव्या मांडीला. आमच्या शालनला कळतबी न्हाय!"

शालन सात वर्षांची असताना तिला साखरेचा आजार जडला. राजाबाईचा नवरा आधीच गेलेला. विड्या वळून पोट भरणाऱ्या त्या बाईला या पोरीवाचून दुसरं कोणी नव्हतं. काचेची सिरिंज उकळायची, माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढायची आणि टोचायचं, रोज सकाळी. सुरुवातीला पोर असा हंबरडा फोडायची की अख्खी गल्ली गोळा व्हायची. दंडाला द्यावी तर पोरीचा हात दिवसभर ठणकतो, मग आईबरोबर विड्या कशा वळणार? उजव्या मांडीवर तंबाखू-पानांचं सूप. राहिली डावी मांडी. पुढं तिथं लिंबाएवढी गाठ आली, आणि काय नवल, गाठीत सुई घातली की पोर हूं की चूं करेना. देवच पावला म्हणायचं! तेव्हापासून चार वर्षं तीच जागा.

पण आजार काही वठणीवर येईना. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी उकळली की रंग निळा राहायला हवा. तो रोज विटकरी. म्हणजे साखर लई. निपाणीच्या डॉक्टरांनी वीस युनिटांचं इन्सुलिन बत्तीसवर नेलं, तरी विटकरीच. पोरीची हाडं दिसायला लागली. राजाबाईला वाटलं, कार्टी चोरून गूळ खाते. तिनं एक दिवस तिला बेदम मारलं.

"तुझ्या गळ्याची आन, न्हाय खाल्लं गं आई!"

न खाता साखर येते कुठनं? बाईनं आणखी दोन दिल्या. मग स्वतःच भिंतीशी बसून रडली.

शेवटी शेजारची मालुबाई दोघींना घेऊन बेळगावला मोठ्या डॉक्टरकडं गेली. त्यांनी नळीबिळी काही बघितली नाही. आधी मांडीवरची गाठ दाबली.

"बाई, औषध सगळं या गाठीत अडकून पडतंय. रक्तात जातच नाही. पोरीनं काही खाल्लेलं नाही."

राजाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"उद्यापासून पोटाला टोचा, रोज जागा बदलून. आणि सोळाच द्या, बत्तीस नाही. घाम फुटला, हात कापायला लागले, तर लगेच साखर द्या." मग हसून म्हणाले, "परदेशात एक यंत्र करायला लागलेत. साखर स्वतः मोजणार, औषध स्वतः सोडणार. पण त्यालाही सुई चांगल्या जागीच लागणार."

"आमच्यात कवा येनार ते?"



दुसऱ्या दिवशी राजाबाईनं सिरिंज हातात घेतली. बत्तिसानं विटकरी होतंय, तर सोळानं काय होणार? पोर जायची हातची! तिनं बत्तीस भरलं आणि पोटाला टोचलं. शालन किंचाळली.

दहाच्या सुमाराला शालन सूप घेऊन बसली होती. तिच्या बोटांतून दोरा निसटायला लागला. अंग घामानं थबथबलं, आणि पोर सुपावरच कोसळली. आरडाओरडा ऐकून मालुबाई गूळ घेऊन धावली.

राजाबाईनं तिच्या हातावर फटका मारला. "इख घालतीस व्हय माझ्या लेकराला?"

"अगं भवाने, डॉक्टरनं काय सांगिटलंय? किती दिलंस?"

"बत्तीस."

"आज गाठीत न्हाय अडकलं, समदं रगतात गेलं!" मालुबाई ओरडली. राजाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जो गूळ चार वर्षं पोरीच्या नजरेआड ठेवला, ज्याच्यापायी तिला मारलं, तोच आता बोटानं पाण्यात कालवून ती पोरीच्या गालाच्या आत चोळायला लागली. "खा गं माझे आई, खा! मी खुळी गं, मी लई खुळी!" चोळत होती आणि रडत होती. किती तरी वेळानं शालनची पापणी हलली.

दुसऱ्या सकाळी सोळाच भरलं, दोनदा मोजून, मालुबाईला दाखवून. पण पोरीचं पोट उघडं दिसलं आणि सुई राजाबाईच्या हातातच राहिली. टोचवेना. पोरीला आपल्याच हातानं मारत होतो, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

"दे हिकडं," शालन म्हणाली. तिनं सिरिंज घेतली, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई आत घातली. ओठ दातांखाली दाबलेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"न्हाय दुखलं, आई," ती म्हणाली.