टेपचा डुगडुगता हुक

प्लंबिंगच्या वर्गात सगळे, अगदी मास्तरसुद्धा, त्यांना वहिनी म्हणत. आधी त्या शिवणकाम करत, त्यामुळे लटकतं बटण किंवा डुगडुगती वस्तू त्यांना बघवत नसे. वर्गातल्या झाडून सगळ्या मोजायच्या पोलादी टेपांच्या टोकाचे हुक हलतात हे दिसताच त्यांनी बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली आणि जेवणाच्या सुट्टीत हातोडीने एकेक हुक ठोकून घट्ट केला.

दुपारच्या परीक्षेत सगळ्यांचे पाइप केसभर आखूड कापले गेले.

"हुक कुणी ठोकले?" मास्तरांनी विचारलं.

"मी. ढिले होते." आता वर्गातून आपलं नाव कापणार, अशी धास्ती वहिनींना वाटली.

"अहो, तो ढिलाच हवा. पाइपला अडकवला की पुढे येतो, भिंतीला टेकवला की मागे जातो. स्वतःच्या जाडीचा हिशेब तो स्वतःच सांभाळतो. ठोकल्यावर तो पुढे येईना, म्हणून पाइप तेवढे आखूड झाले."

"मग माझं नाव?"

"राहू द्या. हुक तेवढे सैल करा, परीक्षा उद्या परत घेऊ."

"सैल म्हणजे किती?"

"त्याच्या जाडीइतका. कणभर जास्त नको."

ढिलेपणालाही माप असतं हे कळल्यावर वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पक्कड उचलली आणि आपलंच काम उसवायला घेतलं.