बर्फावरचा अनोळखी माणूस

गुद्रुन ओव्हरगोर आपल्या सायकलला दोन कुलपं लावते. आमच्या स्टाव्हन गावात लोक घरालाही एक लावत नाहीत. मी तिला एकदा विचारलं, "तुझी ती गंजकी सायकल नेणार कोण?" तर म्हणाली, "नेणारा सांगून येत नाही, फ्लेमिंग."

त्र्याऐंशी वर्षांची ही बाई. लग्न केलं नाही. तरुणपणी फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसली, मग तीस वर्षं शाळेच्या कचेरीत. मासे घेताना तराजूकडे बघत नाही, मासेवाल्याच्या अंगठ्याकडे बघते. आणि गावाच्या इतिहास-संग्रहाची वेबसाइट गेली सव्वीस वर्षं तिच्या हातात आहे. नऊ हजारांवर फोटो, म्हाताऱ्यांच्या आठवणींची दोनेकशे ध्वनिमुद्रणं, शिवाय लग्नांच्या आणि जत्रांच्या चित्रफिती. आम्ही चार पेन्शनर दर मंगळवारी दहाला जुन्या शाळेच्या तळघरात जमतो, थर्मासमधली कॉफी पितो, चीज घातलेले पाव खातो आणि लोकांनी माळ्यावरून आणून टाकलेले खोके उपसतो. मी अध्यक्ष. म्हणजे खुर्च्या मांडायच्या आणि दिवे मालवायचे. राज्य गुद्रुनचं.

फाइलच्या नावात ती साल घालते, जागा घालते आणि जे दिसतं ते घालते. 'एकोणीसशे अठ्ठावन, धक्का, तीन पेट्या'. माणसाचं नाव फाइलला कधीच नाही. "पेट्या तीन आहेत हे मला दिसतंय. शेजारी उभा आहे तो कोण, हे लोक सांगतात. आणि लोक काय, काहीही सांगतात." कॅमेऱ्याने स्वतःहून घातलेली तारीखही ती धरत नाही. चर्चच्या पाद्रीबाईंचा कॅमेरा एकदा वर्षभर एकोणीसशे सत्तर सालात राहत होता, तेव्हापासून तिने कॅमेऱ्याच्या तारखांचाही नाद सोडला.

माणसाच्या नावासाठी फोटोखाली वेगळा रकाना आहे आणि त्याच्याखाली दोन साक्षीदारांचे दोन. साक्षीदार नातलग नको, वैरी नको, आणि दोघांना वेगवेगळं गाठून विचारायचं. त्यांची नावं वेबसाइटवर फोटोखाली सगळ्यांना दिसतात, खोटं बोलणाऱ्याला निदान लाज वाटावी म्हणून. दोन्ही रकाने भरत नाहीत तोवर माणूस 'अनोळखी' नावाच्या फोल्डरात. गावाचे अर्धे पूर्वज अजून तिथेच पडून आहेत.

बरं, साक्षीदार मिळाला तरी ती आधी त्याची परीक्षा घेते. पाच फोटो समोर टाकते, त्यातला एक स्वीडनमधल्या कुठल्याशा लोहाराचा. त्याला ओळखलं की साक्षीदार बाद. आमच्या बेकरीवाल्या येप्पेने त्या लोहाराला आपले शाळेतले मास्तर म्हणून ओळखलं आणि वर त्यांच्या दोन आठवणीही सांगितल्या.

मी या सगळ्यावर पोट धरून हसायचो. माझ्या बापाची पाळी येईपर्यंत.

फोटो त्रेसष्टच्या हिवाळ्यातला. फ्योर्ड, म्हणजे गावापुढचा खाडीचा फाटा, गोठलेला, फेरीबोट धक्क्याला अडकलेली. एक माणूस बर्फावरून घसरगाडी ओढतोय आणि गाडीत घोंगड्यांत गुंडाळलेली सुईण बसली आहे. माणूस पाठमोरा, टोपी कानांवर ओढलेली. माझे वडील लॉरिट्स त्या फेरीबोटीवर कामाला होते आणि त्यांनी सुईणीला पलीकडे नेलं, ही गोष्ट आमच्या घरात दर नाताळला निघायची. सहा वर्षांपूर्वी हा फोटो एका खोक्यात सापडला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, हे बाबा. अध्यक्षाचा पासवर्ड माझ्याकडे होताच. रकान्यात त्यांचं नाव घातलं, साक्षीदारांचे रकाने रिकामे सोडले आणि फोटो वेबसाइटच्या पहिल्या पानावर चढवला. गुद्रुनने बघितलं आणि काही बोलली नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. ती बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

माझी आई थोरा ब्याण्णव वर्षांची आहे, वृद्ध-निवासात असते. रोज सकाळी ओटची लापशी झाली की ती टॅब्लेटवर आमची वेबसाइट उघडते, बाबांना बघते, त्यांना सुप्रभात म्हणते आणि मग खिडकीचा पडदा सारते. त्याआधी तिचा दिवस सुरू होत नाही.

या फेब्रुवारीत सगळी वेबसाइट नव्या घरात हलवायची होती. नवी मांडणी, शोधायची नवी सोय, एक मार्चला गावासमोर उद्घाटन. हलवण्याआधी गुद्रुन दुहेरी फाइली निवडून काढत होती, कारण एकच फोटो तीन जणांनी आणून दिलेला असतो. उद्घाटनाला दहा दिवस होते आणि बुधवारी सकाळी आईचा फोन आला.

"लॉरिट्स गेला."

"आई, त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली."

"मला शिकवू नकोस. पडद्यावरून गेला. तिथे राखाडी चौकोन आहे."

मी उघडून बघितलं. खरंच राखाडी चौकोन. शोधत शोधत बाबा सापडले ते 'अनोळखी' फोल्डरात. खाली लिहिलेलं, 'घसरगाडी ओढणारा : अनोळखी'. कोणती फाइल कोणी कधी हलवली याची नोंद आपोआप राहते. नोंद होती गुद्रुनची, मंगळवार, दहा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी ती माझ्यासमोर बसून मी आणलेला पाव खात होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या घरी गेलो तर तिने दार किलकिलं करून आधी माझे बूट बघितले.

"माझ्या बापाला अनोळखी केलंस तू?"

"मी नाही केलं. तो होताच. तू त्याला बाहेर काढला होतास."

मग तिने मला पडद्यावर त्याच फोटोची दुसरी फाइल दाखवली. ऑल्बोर्गच्या एका बाईने पाठवलेली प्रत, मागे पेन्सिलीने लिहिलेलं : क्रेस्टन.

"हा कोण क्रेस्टन?"

"तिचा आजोबा, असं ती म्हणते. ती नात आहे म्हणून तिचं धरत नाही. तू मुलगा आहेस म्हणून तुझंही धरत नाही. नव्या वेबसाइटवर एका फोटोची एकच फाइल जाणार. तुला नाव हवं असेल तर दोन साक्षीदार आण."

"आणि आईला काय सांगू?"

"खरं सांग."

घरी येईपर्यंत माझी खात्री पटली होती की यात पाणी मुरतंय. तिचा बाप आणि माझा बाप बोट बांधायच्या एका खुंट्यावरून कित्येक वर्षं भांडत होते. बापाचा दावा आता लेक साधून घेतेय, दुसरं काय? मी हे दोघातिघांना बोलूनही दाखवलं. त्याची मला आज लाज वाटते.

पहिला साक्षीदार मिळाला. आक्सेल, एक्क्याण्णव वर्षांचा, पूर्वी धक्क्यावर पहाऱ्याला असायचा. गुद्रुनने पाच फोटो टाकले. स्वीडिश लोहारावर त्याने बोट आपटलं. "हा आपल्याकडचा नव्हे. बूट बघ की त्याचे." मग बर्फाचा फोटो. "लॉरिट्स. दोर डाव्या खांद्यावर आहे ना? उजवा त्याचा शिडाच्या काठीने मोडला होता." गुद्रुनने त्याचं नाव रकान्यात घातलं. चेहऱ्यावरून ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्यासाठी मी यादी काढली. त्या हिवाळ्यात गावात होते आणि अजून हयात आहेत असे, घरची माणसं सोडून, आणखी तिघं निघाले. एकाची आठवण पार पुसलेली. दुसरा म्हणाला, "तू सांग, कोण म्हणू?" तिसरी गुद्रुन.

"तू तर तिकिटाच्या खिडकीतच होतीस!" मी तिला तळघरात गाठलं.

"होते."

"बाबांना रोज बघत होतीस."

"बघत होते."

"मग साक्ष दे."

"मी चालत नाही."

"त्या खुंट्याच्या भांडणावरून?"

"ते अडुसष्ट साली मिटलं. दोघांनी एक बाटली संपवली आणि खुंटा तिसऱ्यालाच दिला."

"मग आपलं काही नातं आहे?"

"नाही."

"नातं नाही, वैर नाही. अजून काय असतं?"

तिने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. "अजूनही एक असतं. कुणी विचारलं नाही म्हणून नियमात लिहिलं नाही." आणि कोट घालून निघून गेली. मला वाटलं, म्हातारी मला खेळवतेय.

गुरुवारी आईकडे गेलो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, बाबांना बहुतेक अनोळखीच राहावं लागणार.

"दुसरा साक्षीदार हवाय ना? गुद्रुनला विचार."

"तीच नाही म्हणते."

आई हसली. तिला असं हसताना मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. "म्हणेलच. आपलं घर तिच्या तिकिटाच्या खिडकीसमोर होतं. ती त्याच्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचे."

मला बसायला खुर्ची सापडेना. "आणि बाबा?"

"त्याला काय कळतंय! त्याला वाटायचं, पोरीची नजर अधू आहे."

"म्हणजे त्यांच्यात काही..."

"साठ वर्षं पाळत ठेवून आहे. त्याच्या कोटाचे खिसे बघितले, पत्रं बघितली, मेल्यावर हत्यारांची पेटीही बघितली. काही सापडलं नाही." मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "तिला सांग, थोरा म्हणते तुझं चालतं."

शुक्रवारी मी हा निरोप शब्दाला शब्द पोचवला. गुद्रुनची मान लाल झाली, मग कान. एवढी वर्षं या बाईला ओळखतो, पण ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, आणि मला तिची फार माया आली.

"थोरा म्हणाली असं?"

"हो."

तिने खुर्ची पडद्याकडे वळवली. मग म्हणाली, "जा, वरचे दिवे चालू राहिलेत बघ." दिवे बंदच होते. मी परत आलो तोवर तिने काम उरकलं होतं आणि संगणक मिटला होता.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. नव्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर बर्फ, घसरगाडी आणि बाबा. खाली त्यांचं पूर्ण नाव. त्याखाली साक्षीदार : आक्सेल आणि थोरा.

थोरा! सख्खी बायको! मी गर्दीतून गुद्रुनला बाजूला घेतलं. "हे तुझ्या नियमात बसत नाही."

"नाही बसत."

"मग?"

"जी बाई मला असा निरोप पाठवते, ती खोटं बोलणार नाही. माझी खात्री आहे." सव्वीस वर्षांत तिच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पण मीही तिच्याच तालमीत तयार झालेला. तिने आईचा मान ठेवला की आईच्या नावाआड स्वतः लपली, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

संध्याकाळी आईकडे गेलो. तिने भिंग लावून फोटोखालची ओळ दोनदा वाचली.

"माझं नाव कोणी घातलं?"

"गुद्रुनने."

"भित्री." तिने टॅब्लेट मांडीवर ठेवला. "तिला म्हणावं, गुरुवारी कॉफीला ये."

"कशाला?" मी विचारलं. मला खरं सांगायचं तर भीतीच वाटली.

आईने दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "मला पाठमोरा कळत नाही रे तो. तू म्हणालास तुझे बाबा, म्हणून मी धरून चालले. रोज बघते, पण कळत नाही. आक्सेलने काय, दोर बघितला. तिला कळेल. तो खरंच लॉरिट्स आहे ना, एवढं मला तिला विचारायचंय."