सोडून गेलेल्यांचा बोनस

साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला मी अकरा वर्षं होते. संक्रांतीनंतर आई अंथरुणाला खिळली. तिचं करणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काम सोडलं. आषाढात आई गेली. मग लोधिवलीच्या घरात मी आणि टीव्ही. तो बघत नव्हते, घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून नुसता लावून ठेवायचे.

दिवाळीआधी पॅकिंगमधल्या मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, बोर्डावर बोनसची लिस्ट लागलीय. तुजं बी नाव हाय."

"माझं कसं असेल गं? मी तर सोडलं."

"हाय म्हनते ना! बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स मागितलीय."

पॅकिंगमध्ये आमचा कायदा एकच होता: सोडलं की बुडालं. गरज सरो, वैद्य मरो. सोडून जाणाऱ्या बायकांना हे मीच तोऱ्यात ऐकवायचे. आता कळलं की बोनस मागच्या एप्रिल ते मार्चचा असतो, आणि त्यातल्या जानेवारीपर्यंत मी कामावर होते. म्हणजे आई होती त्या वर्षाचा.

झेरॉक्स फोनवरून पाठवता येते हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण मला जायचं होतं. बोनसच्या दिवशी आम्ही बायका मिठाईचे बॉक्स तिथेच फोडायचो. सोनपापडी कोणालाच नको असायची, मला आवडायची. सगळ्यांची माझ्या डब्यात यायची, वर "हिला दात नायत म्हनून" अशी चेष्टा. खरं सांगते, मला त्या चेष्टेची भूक लागली होती.

बोनसच्या दिवशीच ठेवणीतली साडी नेसून निघाले. खोपोलीपर्यंत एसटी, पुढे रिक्षा.

गेटवर वॉचमन नवा होता. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. हजेरीला आपला टोकन नंबर टाकून अकरा वर्षं मी त्या रजिस्टरला वळसा घालून आत गेले होते. नाव, गाव लिहिलं. 'कोणाला भेटायचे आहे' या रकान्यात लिहिलं, 'बोनस'.

"ताई, बोनस काय मानूस हाय का? मानसाचं नाव टाका."

खोडून लिहिलं, 'पॅकिंगच्या बायका'.

ऑफिसात काम दोन मिनिटांत झालं. "व्हॉट्सअपवर टाकायची होती ताई, कशाला हेलपाटा घातलात?" क्लार्क म्हणाला. माणूस चांगला, पाणी विचारलं. त्याच्यामागे भिंतीला मिठाईचे बॉक्स रचून ठेवले होते.

"जरा पॅकिंगमध्ये जाऊन येऊ का?"

"बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत हो."

त्याचंही बरोबर होतं. मैत्रिणीला फोन लावला, पण कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात हे मला माहीत नव्हतं थोडंच! वाजून वाजून बंद झाला. मला फार वाईट वाटलं.

गेटवर वॉचमनने पुन्हा रजिस्टर पुढे केलं. "भेटल्या का बायका?"

"नाही."

"मग परत या की."

पुढच्या दिवाळीच्या यादीत माझं नाव लागायचं नाही. या एप्रिलपासूनच्या वर्षात मी एक दिवसही काम केलेलं नव्हतं. हे त्याला काय सांगायचं? "येईन," म्हणाले, आणि सहीच्या रकान्यात सवयीने माझा जुना टोकन नंबर लिहून बसले.