गिरीजची लिंबं आणि आजोबांचा जंतू

आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये जंतू वाढवायला इनक्युबेटर लागतो. किस्से नुसत्या चहावर वाढतात! त्यातही एलविनाच्या लिंबांचे विचाराल, तर चहा दोनदा सांगावा लागेल.

एलविना आमची एमएस्सीची विद्यार्थिनी, गिरीज गावची. तिच्या आजोबांच्या पायात वाडीत खिळा घुसला, त्यात डायबेटिस. जखम चिघळली. रिपोर्टमध्ये जवळजवळ प्रत्येक औषधापुढे 'रेझिस्टंट', म्हणजे जंतू दाद देत नाही. डॉक्टर म्हणाले, "एकच इंजेक्शन उरलंय, रोज घ्यायचं. कोर्स पूर्ण करा. लागू पडलं तर ठीक, नाहीतर पाऊल काढावं लागेल."

एलविनाने लगेच प्रोजेक्टचा विषय ठरवला: लिंबाच्या सालींचा अर्क आणि असले हट्टी जंतू. तिच्या गाईड सावे मॅडम म्हणाल्या, "कर. पण जंतू वाढवायची प्लेट म्हणजे पाय नव्हे, हं!" पोरीने मान डोलावली.

*

साली हव्यात कळताच आजोबांनी अंथरुणातून हुकूम सोडला आणि वाडीतली लिंबं पोत्याने आली. आम्हाला हवी साल. रसाचं काय करायचं? अख्खी स्टाफरूम सरबतात बुडाली! प्रिन्सिपल सर डोकावले, "संशोधन कुठवर आलं?"

आमचा लॅब अटेंडंट हरेश, जूचंद्र गावचा. त्याने ग्लास पुढे केला. "सर, इथवर! घ्या!"

हरेशला निकालाची आधीच खात्री होती, मासळीवरून. "म्हावऱ्याचा वास लिंबान जातं, तं जंतू कं नाय जानार?"

*

आजोबांच्या जखमेतलाच जंतू आम्ही रीतसर परवानगीने मिळवला होता. प्लेटमध्ये तो पसरून मधोमध अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल! तिथले जंतू साफ! एलविना रडायलाच लागली. हरेश नाचला. मीही शिक्षकपण विसरून टाळ्या पिटल्या.

सावे मॅडमनी चष्मा लावला. "अर्क कशात काढला?"

"अल्कोहोलमध्ये."

"मग नुसत्या अल्कोहोलची चकती कुठाय?"

ती ठेवायचीच राहिली होती! मग ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिच्याभोवतीही तेवढाच गोल. म्हणजे लिंबाची सगळी शाबासकी अल्कोहोलची!

एलविनाचं तोंड उतरलं. "मॅडम, मी कालच आजोबांना फोन केला. त्यांनी आज इंजेक्शन घेतलं नाही."

मॅडमनी पर्स उचलली. मी रिक्षा थांबवली.

*

आम्ही तिघं गिरीजला पोचलो, तर आजोबा जखमेवर लिंबाची साल बांधून ऐटीत बसलेले! मॅडमनी झालेली चूक सांगितली. आजोबांचा चेहरा खुलला. "म्हणजे दारूनं मेले?" मग आजीकडे वळून, "आणि तू नाताळलासुद्धा मोजून देतेस!"

आम्हाला हसू आवरेना. मॅडम मात्र खाली बसल्या आणि ती साल स्वतःच्या हातांनी सोडू लागल्या. "बाबा, लिंबू काय करतं ते आम्हाला अजून ठाऊक नाही. इंजेक्शन काय करतं ते ठाऊक आहे. मला तुमचं पाऊल हवंय."

आजोबांनी एलविनाकडे पाहिलं. "बोलाव नर्सला," म्हणाले. मॅडमचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

*

पुढे अर्कातलं अल्कोहोल पूर्ण उडवून, सगळ्या चकत्या ठेवून प्रयोग नीट झाला. लिंबाचा गोल आला, पण बारीक. एलविनाने तो जसा होता तसाच लिहिला.

प्रोजेक्ट संपला की प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या कुकरमध्ये, वाफवून टाकायच्या असतात. त्या दिवशी आजोबा आले. चालत. दोन्ही पायांत बूट! त्यांना आपला जंतू बघायचा होता. प्लेट काचेआडून बराच वेळ पाहिली.

हरेश प्लेटा आत ठेवून झाकण लावणार, एवढ्यात म्हणाले, "थांब रे." टोपी काढली आणि क्रूसाची खूण केली.

"आजोबा, जंतूसाठी?" एलविना ओरडलीच.

"इतके महिने एका पायावर काढले आम्ही दोघांनी," आजोबा म्हणाले. "जाताना ओळखीचं कुणी नको?"

हरेशने झाकण अगदी हळू लावलं.