माझ्या वजनाचा गूळ

कापूस जोखायच्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. माशा माझ्यावरही आणि गुळावरही... आम्हां दोघांत त्यांनी काही भेद केला नाही, आणि एवढी समदृष्टी मला पुढे माणसांत फारशी आढळली नाही. मी सहा वर्षांची होते. अमरावतीच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातली गाठ डोळ्यासकट काढली होती, तरी मी जगले, म्हणून मायनं बोललेला नवस फिटत होता. कर्करोग हा शब्द मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या त्या दिवसांत वलगावच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात पोचलाच नव्हता. लोक नुसतं 'ते' म्हणत, आणि म्हणताना पदर नाकाला लावत.

वास होताच. इस्पितळातल्या औषधाचा पिवळा, उग्र दर्प केसांत मुरलेला, आणि खोबणीतून झिरपणाऱ्या पाण्याचा आंबूस वास पट्टीला. वाळून इतकी हलकी झाले होते की दीड ढेपेतच पारडी सारखी झाली. "स्वस्तात वाचली वं पोरगी," देवळातला गुरव म्हणाला, आणि मग मायकडे वळून, "आता हा समद्या गावाच्या तोंडात गेला पायजे. नाई खाल्ला त बिमारी परत येते."

ज्या टोपलीतून माय वांगी नि झेंडू बाजाराला नेई, तिच्यातूनच तिनं गूळ दारोदार वाटला. तिचं बोट धरून मी मागं. बायांनी खडे दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले... तोंडात कुणीच घातले नाहीत. "मागून खातो वं बाई, आता हात खरकटे हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरांच्या पाठीमागच्या उकिरड्यावर मला तो सगळा भेटला. शेणात रुतलेला, राखेत लोळलेला, कोंबडीच्या पिसांना चिकटून दवानं पाझरणारा. एक खडा तर खरजुलं कुत्रं चाटत होतं. दुःख वगैरे उदात्त काही मला झालं नाही. किळस आली— लोकांची नव्हे, गुळाची. कारण तो माझ्या वजनाचा होता, म्हणजे मीच तिथं पडले होते. मग गुरवाचं बोलणं आठवलं. 'ते' परत येणार...

मी खाली बसले आणि खायला लागले. राखेची कचकच, मुंग्यांचा आंबटपणा, जिभेला गुंडाळलेला कुणाचा तरी केस. तिसऱ्या खड्याला ओकले. ओकलेला खडा हिशेबात धरायचा नाही, असं माझं प्रामाणिक गणित. म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

शेणाची टोपली घेऊन माय आली. "काय खाऊन राहिली वं?"

"गूळ. यायनं फेकून देल्ला. कोणी खाल्ला नाई त मी मरन."

मायनं सगळ्या मागच्या दारांकडे एकेक करून पाहिलं. तिच्या जिभेला अख्खा भाजीबाजार वचकून असे. मला वाटलं, आता गावाचा उद्धार होणार. ती वाकली, आणि माती खाणाऱ्या तान्ह्याच्या तोंडात घालावं तसं बोट माझ्या तोंडात घालून तिनं सगळं बाहेर काढलं.

"थुक."

"मंग नवस?"

"नवस म्या बोलला, गावानं नाई. थुक म्हनते ना."

"अन् मेली त?"

"मरशीन त मरशीन," माय म्हणाली, "पन लोकायनं फेकलेलं खाऊन जगू नोको."

आणि बोट पुन्हा माझ्या तोंडात घालून तिनं दाढांमागची राखही पुसून काढली.

मी मेले नाही. लग्न झालं, सुना आल्या, एका डोळ्यात दोन डोळ्यांचा खवचटपणा आला. जगण्याचं मात्र लोक म्हणतात तसं सोनं वगैरे झालं नाही. कुणी 'तुम्ही वाचलात, केवढं भाग्य' म्हणालं की आजही तोंडात राख कचकचते.

माय गेली तेव्हा तेराव्याला सगळं गाव जेवायला आलं. लोक माझ्या हातचं मागून मागून जेवले. पंगत उठल्यावर मी पत्रावळी गोळा करू लागले, आणि प्रत्येकीत वाकून, नीट, एका डोळ्यानं पाहत राहिले... कुणीच काही टाकलं नव्हतं.

मला त्या दिवशी घास गेला नाही.